समीकरण ४.७ची पाठवणी

आमच्या विद्यापीठात लाटेक या गणिती टंकप्रणालीतला प्रबंध वर्डमध्ये न्यायचा असेल, तर त्यातल्या प्रत्येक समीकरणाची सही घ्यावी लागते. रूपांतर कक्षात मला अकरा वर्षं झाली. एकाही समीकरणावर मी जबरदस्ती केलेली नाही.

शुक्रवारी साडेतीनला मेघना वैरागडे धापा टाकत आल्या. सहा वर्षांचं संशोधन, विषय नदीतला गाळ. परीक्षा विभागाला फाइल वर्डमध्येच हवी होती, तीही पाचच्या आत. नाहीतर नोंदणी रद्द.

"आधी का नाही आलात?" मी विचारलं. हे मी सगळ्यांनाच विचारतो. त्याने फरक काही पडत नाही, पण मला बरं वाटतं.

परिच्छेद मुकाट गेले. तक्ते कुरकुरले आणि दोन रेघा इकडेच विसरून गेले. आकृत्या वाटेल त्या पानावर जाऊन बसल्या. त्यांच्या नादी मी लागत नाही. समीकरणं रांगेने खिडकीशी येऊन सह्या करत होती. ४.७ मात्र अडून बसलं.

"तिकडे आम्हाला चित्र करून ठेवतात म्हणे."

"चित्र नाही, समीकरण म्हणूनच ठेवतील," मी म्हणालो. "मधोमध जागा, उजवीकडे क्रमांक. लेखी देतो."

"मानपानाचं नाही हो. तिथे माझ्या ओळखीचं कोण आहे?"

मेघनाताई खिडकीत वाकल्या. "हे बघ, सहा वर्षं सांभाळलं तुला. दोनदा तुझी उजवी बाजू बदलली, तेव्हाही रुसला नाहीस. आता असं करू नकोस ना रे!"

समीकरणाचा एक कंस थरथरला. "मग पाठराखीण दे," ते म्हणालं.

मी नियमावली काढली. नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी कुणीतरी जातं, तशी सोय कलम नऊमध्ये खरोखरच होती! पाठराखीण घरचीच हवी, मुक्काम तीन दिवस. अकरा वर्षांत हे कलम कुणी मागितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. संदर्भसूची जायला तयार होती, पण तिचं वय झालेलं; वाटेत तिलाच धरावं लागलं असतं.

"घरची म्हणजे मीच की," मेघनाताई म्हणाल्या आणि त्यांनी चपला काढल्या. "समास केवढा आहे तिथे?"

"चारही बाजूंनी एक इंच."

"पुष्कळ झाला."

चार छप्पन्नला प्रबंध दाखल झाला. पान त्र्याऐंशीवर ४.७ ऐटीत मधोमध, आणि त्याच्या डाव्या हाताला मेघनाताई, बारा पॉइंटमध्ये. पोहोच अर्जदाराच्याच हातात द्यायची असते, म्हणून मी ती त्याच पानावर पेस्ट केली. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि टुणकन उडी मारली. त्यामुळे पुढचा सगळा मजकूर एक ओळ खाली सरकला.

चपला कपाटात ठेवल्या आहेत. सोमवारी लागतील.