अठरा पूर्ण झालेली रुक्मिणी

"एकही पालक सही करत नाही, बुवा," पंचवटीतल्या देवळाच्या पायरीवर बसत मोहिनी म्हणाली. "आणि सही नाही तर नववीच्या मुलांना एक प्रश्नसुद्धा विचारता येत नाही."

मोहिनी आरोग्य संशोधन करणाऱ्या संस्थेत होती. पोरं गुटखा कधी धरतात, लायसन नसताना गाड्या का पळवतात, मुलींची लग्नं किती लवकर ठरतात, हे तिला विचारायचं होतं. अठराच्या आतल्यांना विचारायचं तर आईबापाची संमती हवी, आणि आईबाप म्हणत, विचारलं की पोरांना नसतं ते सुचतं! उद्यापर्यंत सह्या आल्या नाहीत तर संस्था सर्वेक्षणातून हा भागच गाळणार होती. मोहिनी मात्र हटणाऱ्यातली नव्हती.

चिमाजीबुवा कीर्तनकार म्हणून जेवढे गोड, तेवढेच माणूस म्हणून. "उद्या रुक्मिणी स्वयंवर आहे. सगळे येतील. आख्यानातच घालतो तुझा विषय."

दुसऱ्या दिवशी कीर्तनाचा उत्तररंग असा चढला की देवळाचे खांबही डोलतील. बुवांनी चिपळ्या उंच धरल्या. "रुक्मिणीनं देवाला पत्र धाडलं ते स्वतःच्या मनानं! आणि श्रोते हो, तेव्हा तिला अठरा वर्षं पूर्ण होती! भगवंतानं आधी ते विचारलं, मग रथ जुंपला!"

मोहिनीनं टाळ्या पिटल्या. पण या आख्यानात लग्न नुसतं सांगत नाहीत, लावतात. अंतरपाट आला, अक्षता वाटल्या गेल्या, आणि नऊवारी सावरत रुक्मिणी आली: भाजीबाजारातल्या साळूबाईंची नात तृप्ती, नववी ब.

साळूबाई ताडकन उठल्या. "थांबा बुवा! माझी तृप्ती चौदाची हाय."

"अहो, हे सोंग आहे..."

"सोंगाला कायदा नाय? मग आम्हालाच का सांगता?"

बुवा चिपळ्या खाली ठेवून दुसरी रुक्मिणी शोधू लागले. अक्षता मुठीत घामेजू लागल्या. अठरा उलटलेली बिनलग्नाची कोण? सगळ्या माना मोहिनीकडं वळल्या.

"मी सर्वेक्षणाला आलेय हो!"

"सह्या पायजेत ना?" साळूबाई म्हणाल्या.

मोहिनीनं ओढणी कमरेला खोचली. "बांधा मुंडावळ्या."

कृष्ण आठवीतला. त्याला एकवीस लागतात, म्हणून तोही बाद. उरले पेटीवाले मोतीराम, साठीचे ब्रह्मचारी. ते असे लाजले की हातातला सूरच सुटला.

अंतरपाट धरण्याआधी साळूबाईंनी विचारलं, "पोरी, तुझी राजीखुशी हाय ना? कोणाची जबरदस्ती नाय ना?"

"नाही. माझं मी सांगतेय."

"मग वाजवा रे!"

अक्षता पडल्या. मोहिनीच्या गावाहून, नामपूरहून, कांदा घेऊन आलेला केरू सगळ्यांत मोठ्यानं ओरडला, "गोपालकृष्ण महाराज की जय!"

बुक्का लावून झाल्यावर साळूबाईंनी पहिली सही केली. "तृप्तीला काय ते विचार बाई. तिला निफाडचं स्थळ आलंय. मी म्हणते त्यांना, चार वर्सांनी या, आन तवा बी आधी तिला विचारा." त्यांच्यामागं सह्यांची रांगच लागली.

मोहिनी हवेत तरंगत खोलीवर पोचली, तोच घरमालकिणीनं हाक मारली. नामपूरहून आईचा फोन होता. केरूनं एसटीडी बूथवरून आपलं काम केलं होतं.

"काय वं मोहिनी, तुन्हं लगीन लागनं म्हने? आम्हले इचारं बी नही?"

"आई, अठ्ठावीस पूर्ण झालीत मला. आणि ते नुसतं..."

"ऱ्हाऊ दे. पोऱ्या कितला वरीसना शे?"

"साठ."

आई सुस्कारा सोडून म्हणाली, "चाल मंग. कायद्यामा तं बसस."