पंच्याण्णवचं पेट्रोल

खरेदीत मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. कापड दोन बोटांत धरलं की किती धुण्यांत विटेल ते सांगते. दूधवाला माझ्या दाराशी आला की आपोआप खरं बोलायला लागतो. शाळा चौथीतच सुटली माझी, पण शाळेत खरेदी शिकवतच नाहीत, तेव्हा काही बुडालं नाही.

त्या दिवशी अकरा वाजता सूनबाईची गाडीची परीक्षा होती. तिसऱ्यांदा. पहिल्यांदा तिने खांब आडवा केला होता. दुसऱ्यांदा असा ब्रेक मारला की परीक्षा घेणाऱ्या साहेबांचा चष्मा समोरच्या काचेवर. सोमवारपासून तिला घरोघर गाडीने जाऊन पेशंट बघायची नर्सची नोकरी होती. लायसन नाही मिळालं तर नोकरी दुसऱ्या बाईला. म्हणून मी बरोबर निघाले. कुणी बोलावलं नव्हतं, पण अशा वेळी घरचं एक तरी शहाणं माणूस सोबत लागतं.

"आई, काटा खाली आलाय," गाडी सुरू करताना ती म्हणाली. "वाटेत पेट्रोल घेऊ."

"ते माझ्यावर सोड. तू रस्त्याकडे बघ."

पहिला पंप बगळ्याच्या चित्राचा. भरणारा माणूस जांभया देत होता. जो स्वतःच पेंगतोय त्याचं पेट्रोल काय धावणार? म्हटलं, पुढे चल.

दुसरा सूर्याच्या चित्राचा. तिथे यंत्रावर दोन आकडे लिहिलेले, ९१ आणि ९५.

"दोन प्रतीचं आहे, आजी," तिथला माणूस म्हणाला. "तुमच्या गाडीला साधं पुरतं. एक्क्याण्णव."

"आणि वरचे नऊ कुठे गेले?"

"कुठले नऊ?"

"शंभरातले. पाणी घालता ना?"

तो सूनबाईकडे बघायला लागला. सूनबाई घड्याळाकडे.

"आजी, ते मार्क नाहीत हो."

"मार्क नाहीत तर लिहिले कशाला? आणि साधं पुरतं म्हणजे काय? गाडी बघून माणसाची पत ठरवतोस? साधं तू पी. चल गं."

"आई, पेट्रोल सगळीकडे सारखंच असतं," ती गाडी वळवत म्हणाली.

"सासवा सगळ्या सारख्या असतात का?"

तिने गिअर असा टाकला की माझी कवळी हलली.

तिसऱ्या पंपावर उधळलेला घोडा होता. घोडा मला पटला. सूनबाई उतरून तडक बाथरूमकडे पळाली. खिडकीशी एक मिशीवाला आला.

"कितीचं?"

"पंच्याण्णवचं."

"पंच्याण्णवचंच?"

"एकदा सांगितलं ना? त्याच्या खालचं माझ्या गाडीत जात नाही."

"तुमची मर्जी," तो म्हणाला. नळी घातली न घातली तोच काढली. मी शंभराची नोट दिली, त्याने पाच परत दिले. आमचा मुलगा रोज रडतो, पेट्रोल महाग झालं म्हणून. त्याला खरेदी करता येत नाही, दुसरं काय?

सूनबाई आली, गाडी सुरू केली आणि थबकली. "आई, काटा हलला नाही."

"उंची पेट्रोल हलकं असतं. काट्याला कळायला वेळ लागतो. अकराला सात कमी आहेत, चल."

परीक्षेच्या मैदानावर मी चढाच्या समोरचं बाकडं धरलं. सूनबाईने खांब चुकवले. गाडी उलटी घेऊन आखलेल्या चौकोनात बरोब्बर उभी केली. मी शेजारच्या बाईला सांगितलं, "पेट्रोलचा गुण." राहिला फक्त चढ. निम्म्यावर गाडी खोकली, थरथरली आणि गप्प झाली. मागे घसरायला लागली.

सूनबाईने हातब्रेक ओढला. मागचे पुढचे दिवे लुकलुकायला लावले. मग काच खाली करून मागे बघत बघत, वीतवीतभर सोडत बंद गाडी कडेला आणली. मी धावले.

गाडीत तिच्या शेजारी बसलेले साहेब काट्याकडे बघत होते. "पेट्रोल न भरता परीक्षेला येतात का?"

"चुकलं, साहेब," सूनबाई म्हणाली. "घाईत राहून गेलं."

माझं नावसुद्धा घेतलं नाही तिने. नुसतं घेतलं असतं ना, तर मी भांडले असते. आता काय करणार?

"मी भरलं," मी म्हणाले. "पंच्याण्णवचं."

साहेबांनी चष्मा काढला. "आजी, पंच्याण्णव रुपयांत मोटरसायकलचाही घसा ओला होत नाही."

तेव्हा कुठे मला मिशीवाल्याचं 'कितीचं' कळलं. त्याने पैसे विचारले होते, मी प्रत सांगितली होती.

साहेबांनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. "या चढावर लोकांना चालू गाडी सांभाळता येत नाही," ते म्हणाले. "हिने बंद सांभाळली. पास."

म्हणजे माझ्यामुळेच पास झाली. हे मी बोलून दाखवलं नाही, एवढा मोठेपणा माझ्यात आहे.

तिला शिक्क्याच्या रांगेत थांबायचं होतं, तेव्हा पेट्रोल आणायला मी निघाले. चालत, हातात डबा घेऊन. तिने चिठ्ठी लिहून दिली. मिशीवाल्याने ती वाचली, मिशीतल्या मिशीत हसला आणि 'कितीचं' न विचारता डबा भरून चिठ्ठीसकट परत दिला. म्हटलं, सुधारला वाटतं.

परत येताना चष्मा लावून चिठ्ठी वाचली. 'साधं पेट्रोल, पाच लिटर. सोबतच्या बाईंना काहीही विचारू नये.'

अक्षर मात्र चांगलं आहे हो तिचं.