चातुर्मासातली चढाई

"ह्या मेजार आज सांजेक नेवऱ्यो होतल्यो," अनुसयाबाईंनी गणपतीच्या करंज्यांचा बेत जाहीर केला. "तुझी लढाय संपू, नायतर दोन्ही सैन्यां सुपात भरून माळ्यार ठेवतलंय."

तुषारने जेवणाच्या टेबलाकडे पाहिलं. एका टोकाला वाडीकर भोसले, दुसऱ्या टोकाला फिरंगी, मध्ये डोंगर आणि डोंगराच्या एका अंगाने नदी. शिपाई बोटाच्या पेराएवढे, पण मिशा प्रत्येकाच्या वेगळ्या. ही फौज आषाढात मांडली होती. तेव्हापासून एकही माणूस हलला नव्हता.

"आई, चातुर्मासात मोहीम नसता. नियम चौदा. पावसात फौजा छावणीत बसतत. दसऱ्याक सीमोल्लंघन जाला काय मगे..."

"आणि चवथीची नेवरी खंय करूची? छावणीत?"

तुषार डिचोलीजवळच्या खाणीवर मोजणीचं काम करायचा. खाण बंद पडली, पण मोजायची सवय काही बंद पडली नाही. ती सवय त्याने या खेळण्यातल्या लढाईवर सोडली आणि नियमांचं एक पुस्तक लिहिलं. त्यात चिखलात तोफ किती रुतते हे होतं, शिपायांची पोटं कधी बिघडतात हे होतं आणि घोड्याचा त्या दिवशीचा मूड कसा काढायचा यावर एक प्रकरण होतं. घरची माणसं आषाढापासून जमिनीवर बसून जेवत होती. धाकटी बहीण पल्लवी तेवढी वॉशिंग मशीनवर ताट ठेवून उभ्याने जेवायची आणि कपडे फिरायला लागले की ताट धरायची.

तेवढ्यात पेडण्याहून स्कूटर उडवत रुद्रेश आला. तो फिरंग्यांचा सेनापती. त्याच्याकडेही नियम होते, पण ते एकाच पानावर मावत होते. शेवटचा नियम होता, 'सहा डाव झाले की चहा.'

"मेल्या, दोन महिने मी नुसतो पाऊस बघूक येतंय," रुद्रेश म्हणाला. "खेळ म्हणजे खेळूक होयो."

"खेळ म्हणजे खरो वाटूक होयो. ह्या शिपायाच्या मापान तोफेचो गोळो खंय जातलो, माहीत हा? सदाशिवकाकाच्या माडार! आणि आमची छावणी ह्या मेजाच्या टोकार. ही तडजोड माका अजून रात्री टोचता."

"मगे फिरंग्यांका माडार बसवूया?"

तसा प्रयोग खरं तर गेल्या वर्षी झाला होता. फिरंग्यांना शेजारच्या सदाशिवकाकाच्या कुंपणावर बसवलं, तेव्हा कावळ्याने एक कप्तान उचलून नेला. त्या रात्री तुषारने पुस्तकात नवं प्रकरण जोडलं. त्याचं नाव होतं 'कावळा'.

शेवटी पैज लागली. आज सूर्य मावळायच्या आत ही लढाई तुषारच्या नियमांनी संपली, तर पुस्तक कायम. नाही संपली, तर पुस्तक माळ्यावर आणि यापुढे रुद्रेशचं एक पान.  त्या पुस्तकात तुषारची दोन वर्षं होती. कावळा तर संपूर्ण त्याचा होता.

नियम चौदाला सुदैवाने एक फट होती. पावसाने उघडीप दिली तर हालचाल चालते. बाहेर ऊन पडलं होतं. लढाई सुरू झाली.

खऱ्या सेनापतीला सगळं रणांगण दिसत नाही, म्हणून नियमाप्रमाणे तुषार आतल्या खोलीत जाऊन बसला आणि रुद्रेश बाहेरच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर. टेबलापाशी फक्त पल्लवी, पंच म्हणून. ती हुकूम ऐकणार आणि सैन्य हलवणार. हुकूम पोचवायला निरोप्या हवा होता. घरात दुसरं कोणी मोकळं नव्हतं. तसं बघायला गेलं तर अनुसयाबाईही मोकळ्या नव्हत्या, पण लढाई लवकर संपावी ही इच्छा त्यांच्याइतकी कोणाचीच नव्हती.

"नियम एकतीस," तुषारने बजावलं. "जो निरोप मेजार पोचलो तोच हुकूम. मागाहून बदल नाय. खऱ्या लढायेत तसांच जाता."

"आणि हो भोंगो कित्याक?" अनुसयाबाईंनी टेबलावरच्या रबरी भोंग्याकडे बोट दाखवलं.

"इशाऱ्याक. भोंगो वाजलो काय दोन्हीकडचे घोडे समोर धावतले. कोणी वाजवलो, तां घोड्याक कळणा नाय."

पल्लवीने हे वाक्य लक्षात ठेवलं. वाक्यं लक्षात ठेवणं हा तिचा जुना दोष होता.

पहिला हुकूम रुद्रेशचा. "काकी, सांगा. सगळ्यो तोफा सोडा!"

अनुसयाबाई टेबलापाशी आल्या. "रुद्रेश म्हणता तोफा सोडा. पण गो, तेचो आवाज बघ कसो उतरलो. पेडण्याहून इलो तो, पोटात काय नाय. आधी तेका चाय देवया."

पल्लवीने पुस्तक पाहिलं. निरोप पोचला होता. फिरंग्यांच्या तोफा गप्प राहिल्या आणि त्यांच्या सेनापतीला चहा गेला.

आत तुषार कान देऊन बसला होता. तोफा का वाजत नाहीत? रुद्रेशची दारू भिजली असणार! त्याला आनंद झाला. दारू भिजण्याचा नियम त्याचाच होता.

"आई, सांग, आमचे घोडे नदीकडे झाडांत लपवा. आणि रुद्रेशाक कळता नये हां!"

"मी कित्याक सांगू?" अनुसयाबाई दुखावल्या. त्यांनी टेबलापाशी निरोप दिला, मग चहाचा कप न्यायला बाल्कांवात गेल्या. "तुषारान घोडे खंय लपवल्यान तां मी तुका सांगूचंय नाय बाबा. तू फक्त नदीकडे बघू नको."

रुद्रेशने तत्काळ आपलं घोडदळ डोंगराच्या दुसऱ्या बाजूला, नदीपासून लांब सरकवायचा हुकूम दिला. तो बरोबर पोचला, कारण त्यात कोणाच्या तब्येतीचा प्रश्न नव्हता.

आता चहा आला होता, पण चहात बुडवायला काही नव्हतं. बाल्कांवात बसलेल्या रुद्रेशला वळणावर सायकल दिसली. मागे टोपली, टोपलीवर निळं प्लास्टिक. पाव घेऊन येणारा पोदेर! रुद्रेश लढाई विसरला.

"ए पोदेर! हयसर ये!"

पोदेराने ओळख दिली. ती त्याने रोजच्यासारखीच दिली. पों.

टेबलापाशी पल्लवी उभी राहिली. भोंगा वाजला होता. तिने दोन्हीकडची घोडदळं एकेक वीत पुढे सरकवली.

आत तुषार दचकला. रुद्रेशने हल्ला केला! "आई! आमचे घोडे थांबव!"

पण अनुसयाबाई फाटकापाशी पोदेराकडून पोळे, म्हणजे कोंड्याचे गरम पाव, घेत होत्या. चवथीला पाहुणे येणार, म्हणून चार उंडेही, म्हणजे गोल पावही, सांगत होत्या. युद्धात निरोप्या कधीकधी वाटेत अडकतो, असाही नियम होता. त्याला तुषारने 'दैव' म्हटलं होतं.

पोदेर सदाशिवकाकाच्या फाटकाकडे वळला. पों. घोडे पुढे. सदाशिवकाकाला कमी ऐकू येतं, हे सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. पोदेरालाही. पों, पों, पों! घोडे चौखूर उधळले. काका बाहेर येईनात. पोदेराचा अंगठा दमला, तेव्हा त्याने तळवा लावला.

काका अखेर बाहेर आले, पाव नको म्हणाले आणि आत गेले.

टेबलावर तोवर इतिहास घडला होता. वाडीकरांचे घोडे डोंगराच्या नदीकडच्या बाजूने धावले, फिरंग्यांचे दुसऱ्या बाजूने. मध्ये डोंगर असल्यामुळे कोणी कोणाला पाहिलंच नाही. वाडीकरांनी फिरंग्यांची छावणी घेतली. फिरंग्यांनी वाडीकरांची छावणी घेतली. मेलं कोणीच नाही. नुसते पत्ते बदलले.

"दादा!" पल्लवी ओरडली. "छावणी घेतली काय लढाय संपली, असां पुस्तकात हा. पण दोघांनीय एकमेकांची घेतल्यानी तर?"

आत तुषारने मनातल्या मनात सगळी प्रकरणं चाळली. पुस्तकात सगळं होतं, फक्त हे नव्हतं.

"मगे संपूक नाय!" बाल्कांवातून रुद्रेश पावाने भरलेल्या तोंडाने ओरडला. "सूर्य बघ! माडाच्या टोकार इलो!"

तुषारला घाम फुटला. सूर्य माडाच्या टोकावर आणि पुस्तक माळ्याच्या वाटेवर. "आई! धाव! सांग, घोडे मागे फिरवा, छावणी सोडवा!"

"काकी, आमचेय घोडे मागे!" बाहेरून रुद्रेश.

घोडे मागे फिरले असते, तर पुन्हा डोंगराच्या दोन बाजूंनी एकमेकांना चुकवून आपापल्या घरी पोचले असते आणि लढाई आषाढात जाऊन बसली असती. अनुसयाबाई दोन्ही हुकूम घेऊन टेबलापाशी आल्या. फाटकापाशी वाड्यावरच्या बायका खोबरं नि रव्याचे डबे घेऊन उभ्या होत्या. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. घोड्यांकडे पाहिलं.

"दोघांनीय सांगल्यानी," त्या शांतपणे म्हणाल्या, "तह जालो."

"खरांच असां म्हणाले?"

"आवशीच्या तोंडार विश्वास नाय?"

पल्लवीने पुस्तक मिटलं. "नियम एकतीस. लढाय संपली."

तुषार धावत बाहेर आला. "मी असां म्हणूकच नाय!" मग तो थांबला. खिडकीतून ऊन अजून जमिनीवर पडलेलं होतं. लढाई संपली होती, सूर्यास्ताआधी, त्याच्याच नियमांनी. "म्हणजे... जिंकलंय मी! रुद्रेशा, पुस्तक कायम!"

"कायम," रुद्रेशने पाव गिळला. "पण तहाच्यो अटी कोण सांगतलो?"

"निरोप्या," पल्लवी म्हणाली. "पान शेवटचा."

तुषारला ते पान आठवलं. तेही त्यानेच लिहिलं होतं, फार उशिरा, फार झोपेत.

"पयली अट," अनुसयाबाई म्हणाल्या, "डोंगर माझो." त्यांनी हिरवा टॉवेल ओढला आणि खालची पालथी परात कणीक मळायला घेतली. सात शिपाई दरीत गेले. "दुसरी अट, दोनय सेनापतींनी नारळ खवूचे. आणि तिसरी, आता दसऱ्यापर्यंत मेजार कोणी पाय ठेवूचो नाय."

"दसऱ्यापर्यंत कित्याक?"

"नियम चौदा," बाई म्हणाल्या. "चातुर्मासात मोहीम नसता."

दोन्ही फौजा सुपात भरून माळ्यावर गेल्या. पुस्तक मात्र कायम राहिलं, मेजाच्या एका पायाखाली, कारण तो कोपरा जरा हलत होता. सेनापती बाल्कांवात खवणीवर बसले. थोड्या वेळाने काम मंदावलं आणि गप्पांचा आवाज वाढला.

आतून भोंगा वाजला. पों.

दोघेही ताडकन सरळ बसले आणि जोरात खवायला लागले. मग तुषारला शंका आली. "रे, वाजवल्यान कोणी?"

"खव तू," रुद्रेश म्हणाला. "घोड्याक तां कळणा नाय."