दैनिक चौघड्यानें न छापलेल्या खुलाशाची हकीकत

श्री. प्रथम शाईस नमन, मग छपाईच्या खिळ्यांस नमन, मग अंक विकत घेऊन वाचणारांस नमन, आणि शेजाऱ्याचा अंक उचलून वाचून घडी मोडून परत देणारांस तर साष्टांग नमन, कारण राज्य त्यांचेंच आहे. शके अठराशें चौऱ्याहत्तर, नंदननाम संवत्सर, ते वर्षीं एका नदीकांठच्या नगरांत, ज्याचें नांव घेतल्यास तेथील लोक भांडावयास येतील म्हणून घेत नाहीं, अप्पासाहेब चौबळ यांणीं 'दैनिक चौघडा' या वर्तमानपत्राची गादी स्थापिली. त्या समयीं नगरांत दुसरें एक पत्र राज्य करीत होतें. त्यांत आज बातमी येई, आणि उद्यां तिचा खुलासा येई, आणि परवां खुलाशाचा खुलासा येई, मग लोकांनीं म्हटलें कीं बातमी एक आणि वाचावी तीनदां हा काय जांच, आणि तें पत्र हां हां म्हणतां बुडालें. हें पाहून अप्पासाहेबांनीं धसका घेतला आणि गादीवर बसतांच पहिला हुकूम फर्माविला कीं, "आपल्या पत्रांत खुलासा येणें नाहीं. सूर्य पश्चिमेस उगवला ऐसें छापिलें गेलें तर लोकांनीं आपलीं अंथरुणें फिरवावीं, आपण खुलासा करूं नये." हा हुकूम पाटीवर रंगवून कचेरीच्या भिंतीस लाविला, आणि दर दसऱ्यास त्या पाटीस झेंडूची माळ पडूं लागली.

दुसरी वहिवाट पडली ती छपाईच्या यंत्रामुळें. यंत्र म्हणजे जुनें धूड, मर्जी असेल तेव्हां चाले आणि नसेल तेव्हां तेल पिऊन स्वस्थ बसे, म्हणून पानें तिसऱ्या प्रहरींच बंद करावीं लागत. आणि नगरांतले समारंभ तर अवघे संध्याकाळचे. मग करावें काय? तर अप्पासाहेबांनीं मसलत केली कीं वक्ता तोच, हार तोच, भाषणही तेंच, मग वाट कोणाची पाहावी? आणि त्या दिवसापासून संध्याकाळचा समारंभ दुपारींच लिहून मोकळें होण्याची चाल पडली. 'उत्साहांत संपन्न' आणि 'थाटांत संपन्न' हे दोन शब्दगुच्छ तर खिळे जुळवून, सुतळीनें बांधून, खिळे जुळविणाऱ्या मारुतीच्या उशाशीं सदैव तयार असत, ते उचलावे आणि बातमीच्या शेवटीं बसवावे. कवींनीं एकमेकांवर खुर्च्या उचलल्या तरी चौघड्यांत श्रोते मंत्रमुग्धच होत, आणि डोकीं फुटलेले कवी दुसरे दिवशीं तें वाचून समाधान पावत.

या गादीच्या पदरीं नगरवार्तेचे कारभारी त्रिंबकराव कोठेकर म्हणून उपसंपादक होते. अंगानें किरकोळ, स्वभावानें भिडस्त, हातीं लेखणी आली कीं मात्र भलतेच शूर. शके अठराशें नव्वद सालीं त्यांचें स्वतःचें लग्न ठरलें, मुहूर्त गोरज, वधू माळआळीची द्वारका. त्रिंबकरावांनीं रिवाजाप्रमाणें दुपारींच 'कोठेकरांचे घरचें कार्य थाटांत संपन्न' ऐसें आपल्याच हातें लिहून दिलें, आणि मग मुंडावळ्या बांधून मांडवांत गेले. तेथें वराच्या मामांस कान तुटलेल्या कपांतून चहा आला. मामा कडाडले कीं, "हा कप तुमच्या कुत्र्याला द्या!" वधूकडील कोणी तोंडाळ उत्तरला कीं, "तो घेईना म्हणूनच तुम्हांस दिला!" मग काय विचारतां, दोन्ही सैन्यें समोरासमोर आलीं, तांदूळ होते ते अक्षतांऐवजीं तोंडावर फेकले गेले, आणि वऱ्हाड वरासकट कूच करून गेलें. अंतरपाट धरणारे धरूनच राहिले, आणि त्याच्या पलीकडे द्वारका हातीं हार घेऊन एकटी उभी राहिली. दुसरे दिवशीं सकाळीं चौघडा निघाला, त्यांत लग्न थाटांत संपन्न. दोन्ही घरचे लोक खुलासा मागावयास कचेरींत आले. अप्पासाहेबांनीं पाटीकडे बोट केलें आणि बोलिले, "खुलासा नाहीं. लग्न करा." मग खाशी स्वारी स्वतः मांडवांत आली, वाजंत्री निम्मे निघून गेलेले, हार कोमेजलेले, ऐशा स्थितींत सकाळींच लग्न लाविलें, आणि बातमी खरी जाहली. वधूस कोणीं एका शब्दानें विचारिलें नाहीं. त्या दिवसापासून द्वारकाबाई कोणीं ओळख विचारली कीं सांगत, "मी कोठेकरांची नव्हे, छापखान्याची सून."

पुढें अप्पासाहेब कैलासवासी जाहले आणि चिरंजीव तात्यासाहेब मालक जाहले. हे स्वभावानें गोड, कोणास नाहीं म्हणत नसत आणि कोणाचें काम करीतही नसत. संपादकाची खुर्ची रिकामी पडली होती, तिच्यावर येत्या पाडव्यास त्रिंबकरावांस बसवूं, ऐसा शब्द त्यांणीं दिला. त्रिंबकराव येतांजातां त्या खुर्चीवरची धूळ आपल्या रुमालानें पुसूं लागले. इतक्यांत शके एकोणीसशें पंधरा, श्रीमुखनाम संवत्सर, मार्गशीर्षमासीं माळआळीवर संकट आलें तें ऐसें. माळआळी म्हणजे नगराचा उंचवटा, त्रिंबकरावांचें बिऱ्हाडही तेथलेंच, तेथें पाणी चढत नसे, बायका खालच्या वेशींतून हंडे वाहून कंबरेनें वाकल्या होत्या. तेथें नगराध्यक्ष सर्जेराव निंबाळे यांणीं मोठा जलकुंभ बांधिला, आणि एके संध्याकाळीं त्याचें लोकार्पण ठरविलें. नळ अद्याप कुंभास जोडावयाचा होता, पण फीत कापावयास नळ लागत नाहीं. त्रिंबकरावांनीं दुपारीं लिहिलें, 'जलकुंभाचें लोकार्पण, घरोघर धो धो पाणी, सोहळा उत्साहांत संपन्न', आणि मारुतीनें सुतळीचा गुच्छ बसविला. आणि त्याच दुपारीं सर्जेराव एका बारशास गेले, आणि बासुंदी इतकी बाधली कीं संध्याकाळीं मोरीपासून हलतां येईना. लोकार्पण जाहलेंच नाहीं. सकाळीं त्यांणीं लोळत लोळत चौघडा वाचिला आणि टुणकन् उठून बसले. "अरे, झालं कीं सगळं! भाषणही फक्कड केलंय मी. आतां पुन्हां कशास उन्हांत जायचें?" मग बातमी कापून फायलीस लाविली, काम पूर्ण म्हणून शेरा मारिला, आणि नळ जोडणारी माणसें दुसऱ्या कामावर पाठविलीं.

तेव्हां माळआळींत एकच आकांत जाहला. आणि दुसरे दिवशीं दोन प्रहरीं बायकांची फौज हंडे, घागरी, कळशा ऐसा सरंजाम घेऊन चौघड्याच्या कचेरीवर चालून आली. पुढें गोदाक्का शिंपीण म्हणून मोठी आवाजी बाई होती, ती बोलिली, "काय हो कोठेकरभावजी, तुमच्या पेपरांत आमच्या घरीं धो धो पाणी आलंय म्हणे! तें तेवढं इथं काढून द्या, आम्ही भरून नेतों." त्रिंबकरावांनीं मेजाखालीं पाहिलें, भिंतीकडे पाहिलें, आणि मग बायकांत पाहिलें तों मध्यभागीं दाराच्या पायरीवर रिकामा हंडा घेऊन द्वारकाबाई बसलेल्या. त्या बोलिल्या, "अहो, मी इथून उठत नाहीं. नळाला पाणी आलं कीं घरीं येईन. तोंवर चूल तुमची, केरसुणी तुमची, आणि हा चौघडाही तुमचा." ऐसें म्हणून त्यांणीं हंडा उपडा घातला आणि त्यावर कोपर टेकून बसल्या.

मग त्रिंबकराव तात्यासाहेबांपुढें गेले आणि म्हणाले, "मालक, एवढा एकच खुलासा छापूं. चार ओळींचा. कोपऱ्यांत." तात्यासाहेबांनीं सुपारी कातरीत पाटीकडे पाहिलें. "त्रिंबकराव, वडिलांनीं तुमचें लग्न लाविलें, पण खुलासा नाहीं छापला. आतां मी छापूं? छापा हवा तर. मग पाडव्यास खुर्चीवर दुसरा बसेल, आणि तुम्ही दारांत वहिनींशेजारीं बसा." त्रिंबकराव बाहेर आले, आणि पायरीवर बसले, आणि त्यांस रडूं कोसळावयाचें तेवढें बाकी राहिलें. द्वारकाबाईंनीं पदरानें वारा घालीत विचारिलें, "काय म्हणाले?" "म्हणाले, चौघड्यांत आलेलें खरें करावें लागतें, खोटें करतां येत नाहीं." "मग बरोबर आहे कीं!" द्वारकाबाई ताडकन् म्हणाल्या. "माझ्या वेळीं हाच कायदा होता ना? मी पोरगी होतें, म्हणून मला उभी करून बातमी खरी केलीत. आतां समोर मिशाळ गडी आहे तर कायदा पातळ झाला होय? बायकोला लागू आणि निंबाळ्याला माफ? त्यालाही करूं द्या खरी!" हें ऐकतांच त्रिंबकरावांच्या डोक्यांत लख्ख प्रकाश पडला, आणि ते उठले, आणि आंत जाऊन लेखणी घेतली, आणि जन्मांतली सर्वांत मोठी थाप लिहिली.

दुसरे दिवशीं चौघड्याच्या पहिल्या पानावर बातमी आली कीं, नगराध्यक्ष सर्जेराव निंबाळे हे काल खासे माळआळीच्या चौकांत आले, आणि जमलेल्या मायभगिनींपुढें गहिंवरून बोलिले कीं, येत्या पाडव्याच्या आंत नळास पाणी न आल्यास आम्ही पद सोडूं आणि याच चौकांत मिशी उतरवूं, यावर टाळ्यांचा कडकडाट होऊन सभा उत्साहांत संपन्न. सर्जेरावांच्या हातून चहाची बशी पडली. ते तसेच अंगरखा उलटा घालून कचेरींत आले आणि गर्जले, "मी कधीं बोललों हें? मिशीचं कुणी काढलं? खुलासा छापा! आत्तां!" तात्यासाहेबांनीं त्रिंबकरावांकडे पाहिलें, ते छपराकडे पाहत होते. मग तात्यासाहेबांस सर्व उमगलें, पण करतात काय, त्यांणीं हळूच पाटीकडे बोट केलें. "महाराज, वडिलांचा हुकूम आहे. आपण तर लोकार्पणाची बातमीही खरीच मानलीत." सर्जेराव पाटी वाचून मिशीवरून हात फिरवूं लागले. बाहेर गोदाक्का ओरडली, "साहेब, वस्तरा आणूं का आत्तांच?" तेव्हां पळतां भुई थोडी जाहली, आणि त्याच दिवशीं खणणारे आले, नळ आले, नळवाले आले, आणि सर्जेराव स्वतः चिखलांत उभे राहून त्यांजवर खेकसूं लागले. पाडव्याच्या आधींच माळआळींत तोटी सोडली तों आधीं हवा खोकली, मग गंज आला, आणि मग पाणी आलें. बायकांनीं तें एकमेकींच्या तोंडावर उडविलें, गोदाक्का तर भर रस्त्यांत रडली. सर्जेरावांच्या गळ्यांत हार पडले आणि मिशी शाबूत राहिली. पाडव्यास त्रिंबकराव खुर्चीवर बसले.

द्वारकाबाई घरीं आल्या, चूल पेटवली, आणि त्रिंबकरावांस म्हणाल्या, "सगळ्यांचें खरें झालें. आतां माझा खुलासा तेवढा राहिला." त्रिंबकरावांस तें मनापासून पटलें. त्यांणीं नव्या खुर्चीवरून पहिलें काम तेंच केलें. दुपारीं बसून लिहिलें कीं, 'खुलासा. शके अठराशें नव्वद सालीं कोठेकरांचे घरचें लग्न थाटांत संपन्न झाल्याचें छापिलें होतें, तें खरें नव्हे. तें दुसरे दिवशीं सकाळीं, शिळ्या हारांनीं आणि वधूस न विचारतां झालें. आतां वधूस विचारिलें असतां तिनें आनंदानें होकार दिला.' मारुतीनें खिळे जुळविले. छापून तपासलेला कागद खिशांत घालून त्रिंबकराव चहास घरीं आले, आणि खिशांतला रुमाल काढतांना तो कागद बाईंच्या पायाशीं पडला.

बाईंनीं वाचिला. "हें मला कधीं विचारलंत?" "आतां विचारणारच होतों." "आणि जुळवलंत कधीं?" "दुपारीं," त्रिंबकराव पुटपुटले. बाईंनीं कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, "अंतरपाटाच्या पलीकडे उभी राहिलें तेव्हां हार धरून हात भरून आले होते हो माझे. उभी राहा म्हणाले, राहिलें. घाल म्हणाले, घातला. मला फार वाईट वाटलं होतं. आतां तरी आधीं विचारा, आणि उत्तर येईतों थांबा." त्रिंबकरावांनीं खालीं मान घालून विचारिलें, "मग, द्वारका, तुझें उत्तर काय?" "तेंच सांगतेंय. थांबा." तेव्हां चहा तसाच टाकून, पायांत एक आपली आणि एक शेजाऱ्याची चप्पल घालून त्रिंबकराव कचेरीकडे धांवले. यंत्र नुकतें गुरगुरूं लागलें होतें. त्यांणीं तें थांबविलें, आणि होकाराची ओळ आपल्या हातानें उपटून काढिली. मारुतीनें विचारिलें, "इथं काय बसवूं, साहेब?" "कांहीं नको. अजून घडलेलें नाहीं." ऐसें त्या कचेरींत पूर्वीं कोणी बोलिलें नव्हतें, म्हणून मारुतीनें दोनदां विचारून खात्री केली.

सकाळीं चौघडा निघाला, त्यांत खुलाशाखालीं कोरी चौकट. नगरांत तर्कांस ऊत आला. कोणी म्हणे शाई संपली, कोणी म्हणे सरकारनें मजकूर दाबला, आणि तात्यासाहेबांस चक्कर येऊन कांदा हुंगवावा लागला. माळआळींत द्वारकाबाईंनीं आधीं सगळे हंडे भरले, मग घागरी भरल्या, मग तुळशीस पाणी घातलें, त्रिंबकराव उंबऱ्यावर चुळबुळत बसून पाहत राहिले. मग बाईंनीं पदरास हात पुसले, त्यांच्या खिशांतली लेखणी काढिली, आणि त्या कोऱ्या चौकटींत लिहिलें, 'होय. मामांस बोलावूं नये.'

एवंच काय, तर खुलासा निम्मा छापिला, निम्मा हातानें लिहिला, आणि गादी कांहीं बुडाली नाहीं. मारुतीनें 'संपन्न'च्या गुच्छांची सुतळी सोडून ते खिळे खोक्यांत परत टाकले, तेव्हांपासून चौघड्यांत समारंभ एक दिवस उशिरां होऊं लागले, आणि पत्र बिघडलें ऐसें लोक म्हणतात. पाटी अजून भिंतीवर आहे, तिच्याखालीं ती चौकट कांच लावून टांगली आहे, आणि दसऱ्यास माळ आतां चौकटीस पडते. लिहिणारानें हें सर्व घडून गेल्यावर लिहिलें आहे, इतकेंच त्याच्या पदरीं पुण्य.