गावडेकाकांनी आवरलेली आरती

दहिसरला मशिदीसमोरच्या चौकात शुक्रवारी संध्याकाळी झालेली महाआरती गणपतीच्या आरतीनंतर थेट शेवटच्या लोटांगणाच्या प्रार्थनेवर गेली आणि संपली. मधल्या सगळ्या आरत्या गाळल्या गेल्या. माइक बाळा गावडे यांच्या हातात होता.

दुसऱ्या कोणाच्या हातात असता तर ही बातमी नव्हती. गावडेकाका माझे शेजारी. चाळीच्या गणपतीत कोणी एक कडवं गाळलं, की ते टाळ खाली ठेवून सगळं पहिल्यापासून म्हणायला लावत. "आरती म्हणजे काय रेशनचो तांदूळ हा, कमी भरूक?" एकदा पाहुण्या आमदाराने घड्याळ पाहिलं. काकांनी शंकराची आरती पुन्हा म्हणायला लावली.

पक्षाने त्यांना हेरलं ते यासाठीच. सत्ता गेल्यापासून पाण्याच्या मोर्च्याला माणसं गोळा करावी लागत. महाआरतीला ती आपण होऊन येत. वॉर्ड अध्यक्ष रोहन शिर्केने हे लवकर ओळखलं.

शुक्रवारचा बेत त्याने माझ्यासमोरच सांगितला. "काका, नमाज सुटेपर्यंत खेचायचं. ते बाहेर आले की आपण रस्त्यातून हलायचं नाही. चॅनलवाले येतायत. झकास होईल."

"आणि मारामारी झाली तर?"

"मग काय, आपलंच नाव होईल ना, काका!"

मशिदीमागच्या इमारतीत काकांची मुलगी मंजू राहते. तिने इरफानशी लग्न केलं, तेव्हापासून बापलेकीत बोलणं नाही. तिचं नाव काढलं की काका उठून जातात. इरफान संध्याकाळच्या नमाजाला जातो, हे मात्र त्यांना ठाऊक होतं.

चौक भरला. पुढच्या रांगेत टाळ कमी आणि झेंड्यांच्या जाड काठ्या जास्त होत्या. पोलिसांनी हेल्मेटं चढवली. गणपतीची आरती संपली. "आता देवीची, काका. सावकाश," शिर्के पुटपुटला. काकांनी मशिदीच्या दाराकडे पाहिलं, डोळे मिटले आणि शेवटची प्रार्थना धरली.

ती सुरू झाली की आपल्याकडे कोणी विचार करत नाही. काठ्या काखेत गेल्या. माणसं टाळ्या वाजवत स्वतःभोवती फिरली, वाकली आणि प्रसादाकडे वळली. प्रसादाचं टेबल चौकाच्या दुसऱ्या टोकाला होतं. नमाज सुटला तेव्हा मशिदीसमोरचा रस्ता मोकळा होता आणि कॅमेरे शिऱ्याची रांग टिपत होते.

"काका, पार वाट लावलीत!" शिर्के ओरडला.

"चुकला रे. वय झाला माझा."

काका चुकल्याचं काकांच्या तोंडून चाळीत कोणी ऐकलं नव्हतं.

शनिवारी सकाळी त्यांना पक्षाच्या ग्रुपमधून काढलं. दुपारी ते प्रसादाचा शिरा स्टीलच्या डब्यात घेऊन मंजूच्या इमारतीशी गेले. वॉचमन डबा घेऊन वर गेला. काका फाटकाबाहेरच उभे राहिले.

मंजूची आई होती तोवर तिने शेजाऱ्यांचा डबा कधी रिकामा परत केला नाही.

संध्याकाळी मी तो डबा काकांच्या ओट्यावर पाहिला. घासलेला होता. तळाशी चिमूटभर साखर होती.