लावलेली आग, लागलेली आग

दरवर्षी पंधरा फेब्रुवारीच्या आत वनरक्षक शालिकराम सरकारी आगपेटीने सरकारी जंगलाचं गवत पेटवत असत आणि त्याबद्दल त्यांच्यावर कधीही कारवाई झालेली नव्हती. उलट एका वर्षी पेटवायला तीन दिवस उशीर झाला म्हणून त्यांना ज्ञापन मिळालं होतं. या कामाला खात्यात जाळरेषा म्हणतात. जंगल आणि गाव यांच्या मधला गवताचा पट्टा आपणच वेळेवर, माणसं उभी करून, सकाळच्या दवात जाळून टाकायचा. म्हणजे उन्हाळ्यात वणवा आला की त्याला पुढे खायला काही मिळत नाही आणि तो तिथेच विझतो. आजोबांच्या काळापासून हे असंच चालू होतं. त्यात सुधारणा करावी असं कोणाला सुचलं नव्हतं, एवढाच काय तो त्यातला दोष.

ती सुधारणा गेल्या पावसाळ्यात झाली. 'स्वच्छ हवा व वणवा जोखीम न्यूनीकरण (एकत्रित) नियम' लागू झाले. वास्तविक हवेचे नियम वेगळे व्हायचे होते आणि वणव्याचे वेगळे. पण दोन्ही समित्यांची बैठक एकाच दिवशी एकाच दालनात ठेवली गेली आणि जेवणाची ऑर्डरही एकच होती, त्यामुळे नियमही एकत्र झाले. कलम तीन असं की, उघड्यावर कोणीही आग लावणार नाही. लावायची असल्यास वायुगुण कक्षाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं. हवा स्वच्छ राहावी आणि वणवे कमी व्हावेत, याला कोण नाही म्हणेल? मीही म्हटलं नाही. मी तर नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या गॅलरीत बसून ती बातमी वाचली आणि समाधानाने चहा प्यायलो.

शालिकरामांच्या हद्दीत भिवापूर तालुक्यातलं मोहटोला हे बावीस घरांचं गाव येतं. जंगलाला सगळ्यात जवळचं घर जयवंताबाईंचं. घराला लागून त्यांचा सातरा, म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. जानेवारीपासून तिथे लाल मिरची पसरलेली असते आणि गावातल्या पंधरा-वीस बाया दिवसभर देठं खुडत बसतात. गावातल्या बऱ्याच चुली त्या मैदानाच्या भरवशावर पेटतात.

"शालिकभाऊ, गवत कमरेले लागलं," जयवंताबाई जानेवारीच्या शेवटी म्हणाल्या. "यंदा कधी लावता?"

"कागद आला की लावतो बाई."

"गवताले कागद लागते काय आता?"

"गवताले नाही लागत. धुराले लागते."

कागदासाठी शालिकराम नागपूरला आले. वायुगुण कक्षाचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडक्या कायमच्या बंद केलेल्या आहेत, कारण बाहेरची हवा चांगली नाही. सहायक नियंत्रक कृष्णकांतसाहेबांच्या टेबलाशेजारी हवा शुद्ध करायचं यंत्र असतं आणि त्यावरचा हिरवा दिवा पाहून साहेब शहराची हवा कशी आहे ते सांगतात.

"म्हणजे तुम्हाला आग लावायची आहे," साहेब अर्ज वाचून म्हणाले.

"हो जी."

"आग लागू नये म्हणून."

"हो जी."

साहेबांनी चष्मा काढला. "पहा शालिकराम, हे मला समजतं. मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे. पण हे अर्जाच्या नमुन्याला समजत नाही. तुम्ही वैभवीकडे जा, ती भरून देईल."

वैभवी ही कक्षाची संगणक चालवणारी मुलगी, कंत्राटी, आणि म्हणून नम्र. तिने धुराचं प्रयोजन भरलं, धुराचा रंग भरला आणि एका रकान्यापाशी थांबली. "काका, धूर पोचण्याचं ठिकाण?"

"वर."

"वर नाही चालत. तालुका निवडा लागते. यादीत वर नाही आहे."

शालिकरामांनी उमरेड निवडलं, कारण तिथे त्यांची साळी राहते. मग उमरेडची संमती मागवावी लागली. ती आली फेब्रुवारीच्या आठ तारखेला. त्यानंतर एकच अट उरली: सलग तीन दिवस हवा 'उत्तम' असली पाहिजे. हवा मोजायचं यंत्र वाडीला आहे, अमरावती रोडवर, ट्रकांच्या गोदामांच्या रांगेत, कारण तिथे वीज असते आणि रखवालदारही असतो. वाडी आणि मोहटोला यांत पाऊणशे-ऐंशी किलोमीटरचं अंतर आणि अख्खं नागपूर आहे. पण नियमात जिल्ह्याची हवा एकच धरली आहे. थोडक्यात, वाडीचे ट्रक सलग तीन दिवस थांबले असते तर मोहटोल्याचं गवत जाळता आलं असतं. ते काही थांबले नाहीत.

शालिकराम हुशार माणूस. त्यांनी गवत कापून टाकायची परवानगी मागितली. उत्तर आलं की कापलेलं गवत हा घनकचरा होतो आणि त्याची विल्हेवाट झाकलेल्या वाहनातून लावावी लागेल. मोहटोल्यापर्यंत वाहन जायला रस्ता नसल्यास तसा दाखला जोडावा. त्यांनी पालापाचोळा उडवायचं यंत्र चालवू का, असं विचारलं. त्याने धूळ उडते आणि धूळ हा वेगळा विभाग आहे, असं कळलं. सोळा फेब्रुवारीला एकाच लिफाफ्यात दोन पत्रं आली. पहिल्यात जाळरेषा मुदतीत का जाळली नाही, याचा तीन दिवसांत खुलासा मागितला होता. दुसऱ्यात ती जाळल्यास फौजदारी होईल, असं बजावलं होतं. दोन्ही पत्रांवर सही एकाच साहेबांची होती, हे शालिकरामांनी मला स्वतः दाखवलं, म्हणून मी लिहितो आहे.

ते पुन्हा नागपूरला आले. "साहेब, वणवा आला तर काय करू?"

"काळजी नका करू," कृष्णकांतसाहेब मायेने म्हणाले. "कलम नऊ वाचा. लावलेल्या आगीचा धूर आमच्याकडे मोजला जातो. लागलेल्या आगीचा नाही. तो निसर्गाचा."

"पण जाळरेषेचा धूर एका सकाळचा साहेब. वणव्याचा आठ-आठ दिवस राहते."

"राहू द्या ना. मोजायचाच नाही म्हटल्यावर महिनाभर राहिला तरी हवा उत्तमच."

मराठीत लागणे आणि लावणे यांत एका अक्षराचा फरक आहे, आणि त्या एका अक्षराने जिल्ह्याची हवा सांभाळली होती. 'ग' असला की निसर्ग, 'व' आला की गुन्हा. यात गंमत वाटत असेल तर वाटो. मला हे ऐकून संताप आला होता आणि अजून गेलेला नाही.

एकवीस मार्चला दुपारी मोहटोल्याच्या वरच्या जंगलात आग लागली. कोणीतरी बिडी टाकली असावी. पुढे चौकशीत असं ठरलं की, बिडी टाकणाऱ्याचा हेतू फक्त बिडी टाकण्याचा होता, सबब आग लागलेलीच. वारा गावाकडे होता. कमरेइतकं गवत तसंच उभं होतं. शालिकराम आणि चार मजूर हिरव्या फांद्या घेऊन झोडपत मागे मागे सरकत होते. आता एकच उपाय उरला होता: गावाच्या बाजूनेच गवत पेटवून द्यायचं, म्हणजे दोन आगी समोरासमोर येतात आणि दोघींनाही खायला उरत नाही. शालिकरामांनी बांधावर चढून फोन लावला.

"साहेब, गावाकडून लावू का?"

"लावू नका. लागू द्या."

"गाव जळन साहेब."

"गाव जळलं तर ते लागलेलं. तुम्ही पेटवलं तर ते लावलेलं. तुमची नोकरी किती राहिली?"

"दोन वर्षं."

"मग माझं ऐका."

शालिकराम आगपेटी हातात घेऊन उभे राहिले. मी त्यांना भेकड म्हणणार नाही. पेन्शनला दोन वर्षं राहिलेला माणूस कसा उभा राहतो, ते मी आमच्याच घरात पाहिलं आहे.

"आगपेटी द्या शालिकभाऊ," मागून जयवंताबाई म्हणाल्या.

"देता नाही येत बाई. सरकारी हाये."

"राहू द्या मंग."

त्या घरात गेल्या, चुलीतलं जळतं लाकूड घेऊन आल्या आणि बांधाच्या कडेने चालत चालत त्यांनी गवताला ते टेकवलं. बाकीच्या बाया ओली पोती घेऊन मागे उभ्या राहिल्या. अर्ध्या तासात दोन आगी एकमेकींना भिडल्या आणि बसल्या. सातऱ्याच्या एका कोपऱ्यातली मिरची जळाली आणि तिच्या ठसक्याने सगळं गाव डोळे पुसत खोकत राहिलं. बावीसच्या बावीस घरं वाचली.

चौथ्या दिवशी कृष्णकांतसाहेब तोंडाला मास्क लावून चौकशीला आले. जंगल जळलं होतं तीनशे चाळीस हेक्टर. त्याच्या धुराची नोंद नियमानुसार शून्य. जयवंताबाईंनी जाळला होता दोनशे मीटरचा पट्टा, आणि या मोसमात जिल्ह्यात मुद्दाम लावलेली ती एकमेव आग होती. ती नोंदवली तर जिल्ह्याला जाहीर झालेला 'शून्य-आग जिल्हा' हा किताब जाणार होता. त्यामुळे साहेब रागावले नाहीत. ते ओट्यावर बसले आणि त्यांनी चहाही घेतला.

"जयवंताबाई, आग लागली ना?"

"लागली जंगलाले. इकडे मी लावली."

"तिकडची ठिणगी उडून लागली असेल."

"ठिणगी नाही उडाली साहेब. मी लाकूड घेऊन गेली न लावली."

"पहा बाई, मी तुमच्या भल्याचं सांगतो आहे. लागली म्हणा, सगळे सुटतात. तुम्हीही सुटता."

सरपंच कुसुमताईंनी बाईंना बाजूला घेतलं. "काहून जिद्द करून राहिली वं जयवंता? एक अक्षर तर हाये."

"ताई, लागली लिवलं तर पुढच्या साली कोन लावन?" जयवंताबाई म्हणाल्या. "कागदावर राहीन का मोहटोला आपोआप वाचला. मंग दरसाली आपोआप वाचाची वाट पाहाची काय?"

कुसुमताई ओट्याकडे परतल्या. साहेबांकडे छापील पंचनामा तयारच होता. 'आग लागली' या वाक्याखाली एकवीस घरांनी सह्या केल्या. बाविसावी सही शालिकरामांची आहे. त्यांनी ती मला दाखवली नाही, मीच नंतर पाहिली.

अहवाल पंधरा दिवसांत तयार झाला, हा कक्षाचा विक्रम आहे. त्यात म्हटलं आहे की, आग नैसर्गिक होती आणि गावही नैसर्गिकरीत्या वाचलं. ज्या अर्थी जाळरेषा नसताना गाव वाचलं, त्या अर्थी मोहटोल्याला जाळरेषेची गरज नाही. सबब ती कायमची रद्द करण्यात येत आहे. जयवंताबाईंनी आग लावल्याचं खोटं सांगून शासनाची दिशाभूल केली म्हणून त्यांच्यावर वेगळी नोटीस निघाली आहे.

त्या नोटिशीला बाई घाबरल्या नाहीत. जाळरेषा गेली हे ऐकून मात्र त्या एसटीने नागपूरला आल्या आणि कक्षात जाऊन हरकत नोंदवायची आहे म्हणाल्या. वैभवीने त्यांना पाणी दिलं आणि नियम वाचून दाखवला. हरकत त्रयस्थ नागरिकाची लागते. बाई पक्षकार आहेत, म्हणून त्यांची चालत नाही. गावाने पंचनाम्यावर सह्या केल्या आहेत, त्यामुळे गावाचीही चालत नाही. मात्र बाहेरच्या एकाही नागरिकाने नाव-पत्ता देऊन लेखी हरकत घेतली, तर जाळरेषेची सुनावणी पुन्हा घ्यावीच लागते. एक पुरते.

हे कळल्यावर मी लगेच कामाला लागलो आणि ही गोष्ट लिहिली. हरकत लिहिली नाही. तिला आधार कार्ड जोडावं लागतं, शिवाय माझ्या मेहुण्याची एक फाईल त्याच कक्षात आहे. नागपुरातून आजवर आलेल्या हरकती शून्य आहेत. तुम्ही मोहटोल्याचे नाही, तुमचं चालतं, आणि इथपर्यंत तुम्ही मजेत वाचत आला आहात. मुदत शुक्रवारी साडेपाचला संपते. वैभवीने अहवालाचं शेवटचं पान आताच टाईप करून ठेवलं आहे, 'नागरिकांची हरकत नाही' असं, आणि त्यात तारखेची जागा तेवढी कोरी सोडली आहे.