हातचं कडवं

पगारे मास्तरांना पत्ता विचारला, तर ते शेवटचं वळण सांगत नसत. "सरळ जा, पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे वळा, पिठाची गिरणी लागेल, आणि मग…" एवढं बोलून ते थांबत, रुमालाने कपाळ पुसत आणि समोरच्याकडे बघत राहत. नवखा माणूस आभार मानून निघायचा आणि गिरणीपासून परत यायचा. जाणता माणूस म्हणायचा, "मास्तर, वन्स मोअर." मग मास्तर खुलत आणि त्याला थेट त्या घराच्या दारापर्यंत सोडून येत.

"माणसाने सगळं एकदम देऊ नये," ते म्हणायचे. "बेरजेत असतो तसा एक हातचा ठेवावा. मागितला की द्यावा."

एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी असाच एक विनोद अर्धा सांगितला होता. कुणी पुढचा मागितला नाही, म्हणून तो अर्धाच राहिला. तिसऱ्या दिवशी नवऱ्या मुलाचे वडील देवळालीहून सायकलवर आले. त्यांना म्हणे झोप लागत नव्हती.

मास्तर आमच्या शेजारी, नाशिकरोडच्या कॉलनीत राहायचे. नोकरी प्रेसमधली. त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं, पण गायन पार्टीत पेटी वाजवून गाणाऱ्याला मास्तरच म्हणतात. मला मात्र त्यांनी नकळत शिकवलं. कॉन्व्हेंटमध्ये पहिल्याच आठवड्यात सिस्टरांचं बोलणं मला ऐकू आलं नाही आणि मी उभी राहून म्हणाले, "वन्स मोअर, सिस्टर." वर्ग हसला. त्यानंतर मी वर्गात फारसं बोललेच नाही. मास्तरांना हे कळल्यावर ते मला "मिस" म्हणू लागले, ते कायमचंच.

एके काळी मास्तरांचं एक गाणं जिल्हाभर वाजत होतं. लग्न असो, बारसं असो, भोंगा लागला की आधी तेच. बायको रुसून माहेरी गेलेल्या नवऱ्याचं गाणं:

रुसली माझी कारभारीण, गेली विंचूर गावाला,
मांजर बसलं चुलीपाशी, कोण घालील जेवायाला

पुढच्या कडव्यात नवरा तिला आणायला विंचूरला जातो, कांद्याच्या मुलखात:

सासऱ्यानं कडी लावली, शेवटली गाडी गेली,
कांद्यापायी की तिच्यापायी, पाणी आलं डोळ्याला

रेकॉर्ड इथे संपायची. तिच्यात तेवढंच मावत होतं. पण गाण्याला तिसरं कडवं होतं, आणि ते फक्त स्टेजवर, फक्त वन्स मोअर आला तरच मिळायचं. दोन कडवी झाली की मास्तर पेटीचा भाता मिटत, कपाळ पुसत आणि थांबत. बायकांच्या बाजूने एक आवाज यायचा, मग सगळा मांडव ओरडायचा, मग तिसरं कडवं. आई सांगायची, लोक त्यासाठी गावोगाव मागे फिरायचे.

मी हे काही ऐकलेलं नाही. मी चौथीत असताना सगुणाकाकू, म्हणजे मास्तरांची बायको, गेल्या. मला त्या आठवतात त्या नळावर. इतक्या कमी बोलायच्या की आपला नंबर आला हेसुद्धा सांगायच्या नाहीत. हंडा घेऊन उभ्या राहायच्या आणि कुणाच्या तरी लक्षात यायची वाट बघायच्या. त्या गेल्या आणि मास्तरांनी कार्यक्रम बंद केले. कुणी विचारलं तर गळ्याला हात लावून म्हणत, "घसा."

दहा-बारा वर्षांनी देवदत्त आला. पुण्याला सिनेमाचं शिक्षण घेतलेला, दाढीवाला, खांद्याला शबनम. त्याला मास्तरांवर माहितीपट करायचा होता. मास्तर पुन्हा गाणार, तीन गावांत कार्यक्रम करणार आणि कॅमेरा मागोमाग फिरणार, अशी कल्पना. मास्तरांनी घशाला हात लावला. तेव्हा देवदत्त म्हणाला, "रेकॉर्ड माझ्याकडे आहे. पण माझे वडील म्हणायचे, तिसरं कडवं आहे."

मास्तरांनी घशावरचा हात काढला. "वडिलांनी वन्स मोअर दिला असणार," ते म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जरीच्या कॉलरचा कोट बाहेर काढला. आमच्या घरापर्यंत डांबराच्या गोळ्यांचा वास आला.

सिनेमा बाहेरदेशीही दाखवायचा होता, म्हणून गाण्यांचं इंग्रजी भाषांतर पडद्यावर खाली लिहायचं होतं. कॉलनीत इंग्रजी माध्यमातली पदवीधर मी एकटी. मला वही मिळाली. पहिल्याच दिवशी मी मास्तरांना म्हणाले, "तिसरं कडवं सांगता का? लिहून घेते."

"असं नाही, मिस. पब्लिकने मागायचं."

"भाषांतर करायचंय."

"मग पब्लिकला सांगा."

पहिलं शूटिंग गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या नदीच्या घाटावर. मास्तरांनी पायऱ्या उतरायच्या आणि पाण्याकडे बघत उभं राहायचं, असं देवदत्तने सांगितलं. मास्तर म्हणाले, "मी नदीकडे असा कधी बघत नाही. तिला काय वाटेल?" तरी उतरले, आणि खाली पोचल्यावर कॅमेऱ्याला वाकून जय भीम केला.

"मास्तर, वन्स मोअर," देवदत्त म्हणाला.

मास्तरांचा चेहरा असा उजळला की मी वहीत डोकं घातलं. ते पुन्हा वर गेले, पुन्हा उतरले, या वेळी जास्त ऐटीत. "वन्स मोअर." पाच वेळा उतरले. परत येताना ढोलकीवाल्या तुकारामला म्हणाले, "पोरगा दिलदार आहे. नुसत्या चालण्याला चार आले."

"लय भारी चाललात, मास्तर," तुकाराम म्हणाला. तुकाराम त्यांच्याबरोबर तीस वर्षं होता. कुठे काय बोलायचं हे त्याला कळत होतं.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मास्तरांनी मला हळूच विचारलं, "मिस, सिनेमात वन्स मोअर चुकलं म्हणून म्हणतात का हो?"

मी म्हणाले, "नाही काका. आवडलं म्हणून."

"असं," ते म्हणाले आणि कपाळ पुसलं.

पहिला कार्यक्रम विंचूरला होता. ते सगुणाकाकूंचं माहेर, आणि गाण्यातलं गावही तेच. देवदत्तला खात्री होती की वन्स मोअर आला तर इथेच येईल. तरी त्याने मला बाजूला घेतलं. "तुम्ही बायकांत बसा. नाहीच आला तर तुम्ही द्या. एकाने सुरुवात केली की बाकीचे ओरडतात."

मी बसले. मास्तर गायले. आवाज जरा जाड झाला होता, पण 'कांद्यापायी की तिच्यापायी' म्हणताना त्यांनी असं नाक ओढलं की बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग भाता मिटला. रुमाल निघाला. कपाळ डावीकडून उजवीकडे पुसून झालं, मग उजवीकडून डावीकडे. माझ्या तोंडात शब्द तयार होता आणि तोंड उघडत नव्हतं. मला कॉन्व्हेंटचा तो हसणारा वर्ग आठवत होता, सिस्टर आठवत होत्या, सगळं आठवत होतं. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "मास्तर, एक डिस्को होऊन जाऊ द्या."

"पब्लिक राजा आहे," मास्तर म्हणाले आणि बेंजोवाल्याला खूण केली.

घोटीला टाळ्या भरपूर पडल्या, आणि टाळ्या वाजवतच लोक एस.टी. पकडायला उठले. देवदत्तचा धीर सुटला. पुढच्या गावी आपलीच दोन माणसं प्रेक्षकांत बसवू, असं तो तुकारामला म्हणाला. मास्तरांनी ते ऐकलं.

"नाही," ते म्हणाले. "नाही आला तर नाही आला. पण बसवलेला नको. हरसूल झालं की हा कोट मी पुन्हा ट्रंकेत टाकणार आहे, डायरेक्टर. तेव्हा हरसूलला जरा नीट फोटो काढा."

त्यांनी ते हसत म्हटलं. जीपमध्ये मात्र कुणी हसलं नाही. त्र्यंबकच्या पुढे घाट लागला.

हरसूलला आठवड्याचा बाजार होता. दुपारी बाजार ओसरला तशी डोंगरातून आलेली माणसं गाठोडी शेजारी ठेवून आंब्याखाली बसली. नागली, मीठ, काचेच्या बांगड्या, एका म्हाताऱ्या बाईकडे टोपलीत झाकलेली कोंबडी. ही मंडळी हसली नाहीत, टाळ्या वाजवल्या नाहीत. मांजराच्या ओळीला नाही, कांद्याच्या ओळीलाही नाही. नुसती बघत राहिली.

भाता मिटला. रुमाल निघाला. कोंबडीचा आवाज तेवढा आला. मास्तर फार वेळ थांबले. मग त्यांनी रुमालाची चौकोनी घडी घातली, माईकपाशी जाऊन "आभारी आहे" म्हणाले आणि पेटीवर झाकण ठेवलं. देवदत्तने कॅमेरा पेटाऱ्यात भरला.

तुकाराम ढोलकीला खोळ घालता घालता थांबला. "मास्तर, पब्लिक उठत नाय."

"ऊन आहे. सावलीला बसलेत."

"समदं बसलंय, मास्तर."

खरंच कुणी उठलं नव्हतं. मग ती कोंबडीवाली म्हातारी पुढे आली आणि स्टेजच्या कडेला हात ठेवून म्हणाली, "मंग? ती आली का नाय?"

मास्तरांना कळलं नाही. "कोण, आजी?"

"तुजी बायको रं. बापानं कडी लावली, तू कांद्यापाशी बसला. मंग ती आली का नाय? आमची वाट लांबची हाय, बाबा. सांग, मंग जाऊ."

मागून आणखी दोघं-तिघं म्हणाले, "हा, सांग, सांग."

त्यांना वन्स मोअर ही भानगडच माहीत नव्हती. गाणं अर्धं आहे, एवढंच त्यांना कळलं होतं.

देवदत्त पेटाऱ्याकडे धावला. "मास्तर, एक मिनिट, कॅमेरा काढू द्या."

"आजींना लांब जायचंय," मास्तर म्हणाले. त्यांनी झाकण काढलं आणि माईक बाजूला करून, म्हातारीकडे बघत गायले:

कडी काढून बाहेर आली, गाठोडं काखंला मारून,
गेली गाडी तर जाऊ द्या, पाय हायेत की दोघांला

म्हातारीने मान हलवली. "गुणाची हाय," असं म्हणून तिने टोपली उचलली आणि सगळे उठले.

देवदत्त कॅमेरा घेऊन आला तेव्हा आंब्याखाली कुणी नव्हतं. घामाघूम होऊन तो म्हणाला, "मास्तर, प्लीज, वन्स मोअर."

मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुमचा वन्स मोअर चुकलं म्हणून असतो, डायरेक्टर. हे चुकलं नाही."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी वहीत कडवं लिहून घेत होते, ते लिहीत राहिले.

परतताना मास्तर माझ्या शेजारी बसले. घाट उतरला. मग म्हणाले, "विंचूरला तुम्हाला बायकांत बसवलं होतं ना, मिस?"

"हो. माझ्या तोंडून निघालाच नाही. सॉरी, काका."

"सगुणाचाही पहिल्या दोन गावांत निघाला नव्हता."

"सगुणाकाकूंचा?" मी विचारलं.

"पहिला आवाज तिचाच असायचा. वीस वर्षं. मला कळू नये म्हणून पदर तोंडापुढे धरून द्यायची. पण तिला वन्स मोअर म्हणता यायचं नाही. 'वनमोर' म्हणायची. रानातला मोर असल्यासारखं." ते जरा हसले. "मला माहीत आहे, हे तिला माहीत नव्हतं. मी कधी त्या बाजूला बघितलं नाही. बघितलं असतं, तर लाजली असती आणि पुढच्या गावी आवाज आला नसता."

"आणि ते कडवं?"

"ते तिचंच. गाडी खरंच गेली होती. निफाडपर्यंत चालत आलो." एवढं बोलून ते थांबले आणि रुमाल काढला. पुढचं मी मागितलं नाही. मागायला हवं होतं, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

सिनेमा तयार झाल्यावर देवदत्तने तो आधी आमच्या कॉलनीत दाखवला, विहाराच्या हॉलमध्ये, पांढरी चादर लावून. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. मास्तर पुढे खुर्चीवर, तोच कोट घालून. समोर पेटी ठेवली होती, पण ती हार घालण्यापुरती. पडद्यावर मास्तर गंगेच्या पायऱ्या एकदाच उतरले. गाणं आलं, खाली माझं इंग्रजी आलं. कांद्याला मी कांदा ठेवला होता, पण ते पाणी कशापायी आलं हे इंग्रजीत नीट बसलं नव्हतं. दुसरं कडवं संपलं, हरसूलचा रिकामा आंबा दिसला आणि चादर पांढरी झाली. टाळ्या पडल्या. दिवे लागले. लोक उठू लागले.

मास्तरांनी रुमाल काढला आणि कपाळ पुसलं.

माझ्या घशाला कोरड पडली होती. त्यामुळे मधला 'स' गळला, की मी तो गाळला, ते मला अजून सांगता येत नाही. पण ते शेवटी बाहेर पडलं, आणि हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं.

"वनमोर."

आईने चमकून माझ्याकडे पाहिलं. पुरुषांनी माना वळवल्या. कोण ओरडलं ते बघायला सगळा हॉल बायकांच्या बाजूला वळला.

मास्तर वळले नाहीत. त्यांनी पेटीवरचा हार काढून बाजूला ठेवला आणि भाता उघडला.